देश सोडला, भांडण सोडले नाही

आमच्या वस्त्यांतली मुले आता परदेशी शिकायला जातात. कुणी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर, कुणी केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीवर, तर कुणी घरदार गहाण ठेवून काढलेल्या कर्जावर. सुटीत घरी आली की एक गोष्ट हमखास सांगतात. तिकडचा घरमालक खोली देताना आडनाव विचारून गाव काढत नाही आणि गाव विचारून आळी काढत नाही. ऐकून आईबापांचा ऊर भरून येतो, आमचाही येतो. पण पुढे बोलणे लांबले की त्याच मुलांच्या तोंडून दोन वेगळे सूर निघतात. एक म्हणतो, आता या देशाचे नाव नको. दुसरा म्हणतो, नाव नको म्हटले तरी तो डोक्यातून जात नाही. बहुधा हे दोन्ही सूर एकाच मुलाचे असतात.

हा पेच आमच्यापुरता नाही. जेम्स बाल्डविन या काळ्या अमेरिकन लेखकाने या पेचात जवळजवळ चाळीस वर्षे काढली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावाची प्रेरणा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून घेतली. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखडे यांच्यासारख्यांनी काळ्यांच्या साहित्याशी दलित साहित्याचे नाते सांगितले. त्यामुळे बाल्डविन हे नाव चळवळीच्या वाचकाने कुठे ना कुठे वाचलेले असते. आज आम्हाला त्यांच्या पुस्तकांपेक्षा त्यांच्या परदेशातल्या रोजच्या जगण्याबद्दल सांगायचे आहे. परक्या देशात मिळणारी मोकळीक किती खरी असते आणि मायदेशाशी कसे वागावे, या दोन प्रश्नांना त्या जगण्यात उत्तर आहे.

जेम्सचा जन्म २ ऑगस्ट १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये झाला. जन्मदाता बाप त्याला कधी कळला नाही. आई बर्डिस हिने १९२७ साली डेव्हिड बाल्डविन या धर्मोपदेशकाशी लग्न केले आणि त्याचेच आडनाव मुलाला लागले. हा सावत्र बाप आठवडाभर बाटल्या भरण्याच्या कारखान्यात राबायचा आणि रविवारी चर्चमध्ये उपदेश करायचा. गोऱ्यांचा त्याला इतका राग होता की तो राग शेवटी त्यालाच खाऊन गेला. घरात नऊ मुले, जेम्स सर्वांत थोरला. एका हातात तान्हे भावंड आणि दुसऱ्या हातात पुस्तक, असे त्याचे बालपण गेले. ओरिला मिलर या गोऱ्या शिक्षिकेने त्याला नाटक-सिनेमा दाखवला. काउंटे कलन या काळ्या कवीने शाळेत त्याला शिकवले. चौदाव्या वर्षी पोरगा स्वतः चर्चमध्ये उपदेश करू लागला आणि सतराव्या वर्षी त्याने ते व्यासपीठ सोडले.

शाळा संपली तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू होते. न्यू जर्सीत लष्करी डेपोसाठी रूळ टाकण्याच्या कामावर तो लागला. तिथे हॉटेलात, बारमध्ये, खोली भाड्याने मागताना, जिथे जावे तिथे नकार. एका संध्याकाळी ट्रेंटन शहरातल्या हॉटेलात वाढणाऱ्या मुलीने इथे काळ्यांना वाढत नाही असे सांगितले आणि त्याने समोरचे पाण्याचे भांडे तिच्या दिशेने फेकले. नेम चुकला, मागचा आरसा फुटला. मागे लागलेल्या माणसांपासून तो कसाबसा पळाला. त्या रात्री त्याला दोन गोष्टी कळल्या. आज आपला जीव गेला असता, आणि आपण दुसऱ्याचा घेतलाही असता. पाण्याच्या भांड्याची भाषा आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

२९ जुलै १९४३ रोजी सावत्र बाप वारला. त्याच दिवशी त्याचे शेवटचे अपत्य जन्माला आले. अंत्यविधी झाला तो जेम्सच्या एकोणिसाव्या वाढदिवशी. त्याच सुमारास एका काळ्या सैनिकाला पोलिसाने गोळी घातल्यावरून हार्लेम पेटले होते. दुसऱ्या दिवशी फुटलेल्या काचांच्या खचातून बापाला दफनभूमीकडे न्यावे लागले. पुढे १९४६ मध्ये युजीन वर्थ या जिवलग मित्राने जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून नदीत उडी घेतली. याच देशात राहिलो तर आपण मारू, मरू किंवा बापासारखे आतून कुजू, हे बाल्डविन यांना दिसू लागले. ११ नोव्हेंबर १९४८ रोजी ते पॅरिसला निघाले. खिशात चाळीसेक डॉलर होते आणि फ्रेंच भाषेचा गंध नव्हता.

पॅरिस म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर रोषणाई येते. बाल्डविन यांच्या वाट्याला आलेले पॅरिस वेगळे होते. स्वस्त हॉटेलातली खोली, तीही थंडगार, कारण खोली तापवायला पैसे पडत. म्हणून वही-पेन घेऊन ते कॅफे द फ्लोरच्या माडीवर जाऊन बसत. एका कॉफीवर तासन् तास काढत आणि तिथेच लिहीत. ओळखीच्यांकडून उसने घ्यायचे, फेडायचे, पुन्हा घ्यायचे. एकदा ते आजारी पडले तेव्हा हॉटेलच्या वयस्क कॉर्सिकन मालकिणीने भाड्याची आठवण न करता त्यांची शुश्रूषा केली. कॅफेत शेजारच्या टेबलावरचा गोरा उठून जात नव्हता. रस्त्यात पोलीस हटकत नव्हता. अंगावरचे एक मोठे ओझे उतरल्यासारखे झाले होते. ही मोकळीक खोटी नव्हती. माणसाला लिहायला, विचार करायला, निवांत झोपायला अशी मोकळीक लागते. ती ज्याला मायदेशात मिळत नाही त्याने ती बाहेर शोधली तर त्याला कुणी नावे ठेवू नयेत.

पण वर्षभरातच त्या मोकळीकीचा दुसरा चेहरा दिसला, तो एका चादरीमुळे. आम्ही वकिली करतो, म्हणून हा खटला आम्हाला जरा सविस्तर सांगावासा वाटतो. न्यूयॉर्कचा एक ओळखीचा माणूस पॅरिसला आला होता. तो बाल्डविन यांच्याच हॉटेलात राहायला आला. येताना त्याने आधीच्या हॉटेलची एक चादर रागाने उचलून आणली होती. बाल्डविन यांच्या हॉटेलात चादरी वेळेवर बदलत नसत. म्हणून त्यांनी ती चादर मागून घेतली, आपल्या पलंगावर अंथरली आणि विसरून गेले. १९ डिसेंबर १९४९ च्या संध्याकाळी पोलीस आले. मुद्देमाल पलंगावरच होता. चोरीचा माल बाळगल्याचा आरोप ठेवून दोघांनाही नेले. आमच्याकडे याला जुन्या दंड संहितेचे कलम ४११ म्हणत, आजच्या न्याय संहितेत ते ३१७ आहे.

हातकड्या घालून त्यांना पॅरिसजवळच्या फ्रेन तुरुंगात पाठवले. कोर्टात उभे केले तेव्हा दुभाषा हजर नव्हता, म्हणून तारीख पडली. नाताळ तुरुंगात गेला. शेवटी कोठडीतून सुटणाऱ्या एका कैद्याने बाहेर निरोप नेला. बाल्डविन यांनी पूर्वी ज्याच्याकडे काम केले होते तो एक अमेरिकन वकील धावला आणि बचावासाठी माणूस उभा राहिला. आठ दिवसांनी, २७ डिसेंबरला खटला चालला आणि आरोप निघून गेला. चादरीची हकिगत ऐकून भर कोर्टात हशा पिकला.

त्या हशाने बाल्डविन यांच्या अंगावर काटा आला. असे हसणे त्यांनी मायदेशात पुष्कळ ऐकले होते. ज्यांना तुरुंगाची, थंडीची, उपासमारीची धग कधी लागत नाही, त्यांना दरिद्री माणसाचे संकट गमतीचे वाटते. हे हसणे अमेरिकेपुरते आहे असे मानून ते समुद्र ओलांडून आले होते. ते जगभर सारखेच आहे, हे त्यांना पॅरिसच्या कोर्टात कळले. आणखी एक गोष्ट कळली. मायदेशात गोऱ्या पोलिसापुढे काय बोलावे, कुठे गप्प राहावे, याचे हिशेब हार्लेमच्या पोराला तोंडपाठ असतात. इथे त्यांना कुणी काळा म्हणून वागवत नव्हते, तर अमेरिकन म्हणून वागवत होते. त्यामुळे कोणताच हिशेब लागू पडत नव्हता. ज्या देशाचे नाव नको म्हणून ते निघाले, त्या देशाचा शिक्का त्यांच्या कपाळावर परदेशातच ठळक दिसू लागला. चादरीएवढ्या मुद्देमालासाठी, वकील नाही आणि भाषा कळत नाही म्हणून तारखेवर तारीख भोगणारे कच्चे कैदी आम्ही आमच्या तुरुंगांतही पाहतो. त्यांच्या वस्त्या कोणत्या, हे आम्ही लिहायला नको.

त्याच पॅरिसमध्ये अल्जेरियाची माणसे राहत होती. अल्जेरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. ही माणसे रस्त्यावर शेंगदाणे आणि गालिचे विकत, कोंदट खोल्यांत दाटीवाटीने झोपत. १९५४ च्या मे महिन्यात व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फू इथे फ्रेंच सैन्य हरले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अल्जेरियाचा स्वातंत्र्यलढा पेटला. मग पॅरिसच्या पोलिसांचा हात सैल सुटला. बाल्डविन यांच्या ओळखीचे अल्जेरियन एकेक करून दिसेनासे झाले, त्यांचे कॅफे बंद पडले. फ्रेंच परिचित बाल्डविन यांना समजावत की तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही सुसंस्कृत आहात, ही माणसे तशी नाहीत. हार्लेमच्या माणसाला हे वाक्य ओळखायला कितीसा वेळ लागणार? तुम्ही तसले वाटत नाही, हे कौतुक आमच्या शिकलेल्या पिढ्यांनी कचेऱ्यांमधून कितीदा ऐकले आहे.

बाल्डविन यांना उमगले ते असे. फ्रान्स आपल्याशी बरा वागतो, कारण आपण त्याच्या उतरंडीच्या बाहेर आहोत, पाहुणे आहोत. फ्रान्सची स्वतःची तळाची पायरी आहे आणि तिच्यावर दुसरा कुणी उभा आहे. देशाची परीक्षा पाहुण्याच्या पाहुणचारावरून करायची नसते. तळाच्या पायरीवरच्या माणसाशी तो देश कसा वागतो, यावरून ती करायची असते. परदेशी गेलेल्या आमच्या मुलांनी ही कसोटी पाठ करून ठेवावी, असे आम्हाला वाटते.

१९५१-५२ चा हिवाळा त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या लॉयकरबाड या डोंगरातल्या खेड्यात काढला. ल्युसिआँ हॅपर्सबर्गर या मित्राच्या कुटुंबाचे तिथे घर होते. खेड्याने तोवर काळा माणूस पाहिलेला नव्हता. पोरे रस्त्यात त्यांच्या रंगावरून ओरडत, कुणी केसांना हात लावून पाहत. कार्निव्हलच्या सणात गोरी मुले तोंडाला काळे फासून आफ्रिकेतल्या मिशनऱ्यांसाठी पैसे गोळा करत. बाल्डविन यांच्याजवळ टंकलेखन यंत्र होते आणि बेसी स्मिथ या काळ्या गायिकेच्या तबकड्या होत्या. मायदेशात असताना त्या गाण्यांची त्यांना लाज वाटायची. गोऱ्यांच्या डोळ्यांत गावंढळ ठरू नये म्हणून ते ती टाळत. त्या बर्फात तीच गाणी पुन्हा पुन्हा ऐकून त्यांना आपल्या माणसांची बोली परत सापडली आणि दहा वर्षे अडलेली पहिली कादंबरी पुरी झाली. ‘गो टेल इट ऑन द माउंटन’ १९५३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात हार्लेम आहे, चर्च आहे, तो संतापी बाप आहे. बापाला समजून घ्यायला मुलाला समुद्र ओलांडावा लागला. आपली बोली, आपल्या आयाबायांची गाणी यांची लाज बाळगून शहरी झालेल्यांनी यावर विचार करावा.

१९५६ मध्ये त्यांची दुसरी कादंबरी आली. तिच्यात पुरुषाचे पुरुषावरचे प्रेम होते. बाल्डविन स्वतः समलिंगी होते आणि त्यांनी ते लपवले नाही. पहिली कादंबरी छापणाऱ्या प्रकाशकाने ही नाकारली, दुसऱ्याने छापली. या कारणावरून त्यांना गोऱ्यांनीच नव्हे, तर काळ्यांच्या चळवळीतल्या काहींनीही हिणवले. चळवळीच्या आतही कुणी परका केला जातो, हे आम्ही मान्य केले पाहिजे.

पॅरिसमध्ये बरे चालले असताना १९५७ च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेला परतले. कारण त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. उत्तर कॅरोलिनातल्या शार्लट शहरात डोरोथी काउंट्स ही पंधरा वर्षांची काळी मुलगी गोऱ्यांच्या शाळेत एकटी जाते आहे, मागे जमाव थुंकतो आहे, हे छायाचित्र वर्तमानपत्रात पाहिले आणि आपण इथे बसलो याची शरम वाटली. आता ते छायाचित्र सप्टेंबर १९५७ चे आहे आणि बाल्डविन त्याआधीच निघाले होते. साक्षीदाराच्या स्मरणात तारखा सरकतात, हे आम्ही कोर्टात रोज पाहतो. तेवढ्याने साक्ष खोटी ठरत नाही. परतल्यावर ते खरोखर शार्लटला गेले. लिटल रॉक, अटलांटा, बर्मिंगहॅम, मॉन्टगोमेरी पाहिले, मार्टिन ल्यूथर किंग यांना भेटले आणि शाळांत जाणाऱ्या मुलांची, त्यांच्या आयांची कहाणी लिहिली. जन्माने उत्तरेतला हा माणूस दक्षिणेत पहिल्यांदाच पाऊल टाकत होता आणि भीतीने त्याचे पाय कापत होते. तरीही ते गेले.

पुढची वर्षे धावपळीची. १९६३ साली ‘द फायर नेक्स्ट टाइम’ हे पुस्तक गाजले. मे महिन्यात ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ते झळकले. त्याच महिन्यात त्यांनी काळ्या कलावंत-कार्यकर्त्यांना घेऊन ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांची भेट घेतली आणि तिथे जोराची खडाजंगी झाली. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनचा विराट मोर्चा निघायचा होता. त्याआधी पॅरिसमधल्या अमेरिकनांना गोळा करून त्यांनी तिथल्या अमेरिकन दूतावासात निवेदन दिले, मग स्वतः वॉशिंग्टन गाठले. फेब्रुवारी १९६५ मध्ये केंब्रिजच्या वादसभेत विल्यम बकली यांच्याशी त्यांचा सामना झाला. अमेरिकेची समृद्धी काळ्यांच्या जिवावर उभी आहे काय, असा विषय होता. ५४४ विरुद्ध १६४ मतांनी बाल्डविन यांची बाजू जिंकली. इकडे अमेरिकेच्या एफबीआयने त्यांच्यावर फाइल उघडली होती. ती वाढत वाढत १,८८४ पानांची झाली. देशावर टीका करणारा देशाचा शत्रू, हा सरकारी हिशेब सगळीकडे सारखाच असतो.

याच काळात मेडगर एव्हर्स १९६३ मध्ये, माल्कम एक्स १९६५ मध्ये आणि किंग १९६८ मध्ये गोळ्यांना बळी पडले. तिघेही बाल्डविन यांच्या जवळचे होते आणि तिघांनाही चाळिशी गाठता आली नाही. या माऱ्यात ते पुन्हा पुन्हा बाहेर पडत राहिले. इस्तंबूलला ते पहिल्यांदा १९६१ मध्ये गेले आणि दहा वर्षे येऊन-जाऊन राहिले. ‘अनदर कंट्री’ ही कादंबरी त्यांनी तिथेच पुरी केली. चहाच्या टपऱ्या, बाजार, नाटकवाले मित्र यांत ते रमले, एक नाटकही त्यांनी तुर्की नटांना घेऊन बसवले. पण तिथल्या बंदरात अमेरिकेच्या आरमाराची जहाजे येत. आपला देश बाहेरच्यांना कसा दिसतो, हे त्यांना त्या किनाऱ्यावरून दिसत होते.

किंग यांच्या हत्येनंतर खचलेले, आजारी बाल्डविन १९७० च्या अखेरीस दक्षिण फ्रान्समधल्या सँ-पॉल-द-व्हाँस या गावी आले आणि तिथलेच झाले. जुने दगडी घर, अंगणात झाडाखाली लांब टेबल आणि त्यावर जगभरच्या पाहुण्यांची पंगत. घरमालकीण जान फोर अल्जेरियात वाढलेली फ्रेंच बाई. काळ्या भाडेकरूबद्दल आधी तिच्या मनात अढी होती. पुढे दोघांची घट्ट मैत्री झाली. रात्री उशिरापर्यंत लिहावे, दुपारी उठावे, गावच्या कॅफेत बसावे, असा दिनक्रम. मात्र अमेरिकेचे नागरिकत्व त्यांनी सोडले नाही. आई न्यूयॉर्कला होती, भावंडे तिथे होती. ते जात-येत राहिले, तिथल्या महाविद्यालयांत शिकवत राहिले. देश सोडून गेलेला माणूस म्हणवून घेणे त्यांना रुचत नसे.

१९८६ मध्ये फ्रान्सने त्यांना आपल्या ‘लेजिओं द ऑनर’ या मोठ्या सन्मानाने गौरवले. १ डिसेंबर १९८७ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, सँ-पॉलच्या घरातच कर्करोगाने त्यांचे निधन झाले. अंत्यविधीसाठी त्यांना न्यूयॉर्कला आणले. सेंट जॉन द डिव्हाइन या प्रचंड चर्चमध्ये हजारो लोक जमले. टोनी मॉरिसन, माया अँजेलो, अमिरी बराका यांनी आदरांजली वाहिली. वाचकहो, हे चर्च कोलंबिया विद्यापीठापासून चार-पाच रस्त्यांवर आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात तिथेच शिकले, आणि हार्लेम तिथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. सँ-पॉलचे घर मात्र टिकले नाही. कायदेशीर वादात ते वारसांच्या हातून गेले आणि २०१४ मध्ये त्याचा मोठा भाग पाडला गेला.

आता आमच्या मुलांच्या त्या दोन सुरांकडे येऊ. परदेशात कुणी जात विचारत नाही, हे पूर्ण खरे राहिलेले नाही. जात आपल्याच माणसांच्या सामानातून तिकडे पोहोचली आहे. म्हणून तर फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल नगरपरिषदेला जातिभेदावर बंदी घालावी लागली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसे विधेयक मंजूर केले आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठवले. हे दोन्ही लढे परदेशी गेलेल्या आमच्या माणसांनी लढले. बाहेर गेलेला माणूस चळवळीतून जातोच असे नाही, याचा हा पुरावा आहे.

तेव्हा मुलांनो, जा. मोकळा श्वास घ्या, थंडीत चांगले कपडे घाला, आईला फोन करत राहा. ज्या देशाने तुम्हाला माणूस मानले त्याचे आभार जरूर माना, पण त्याच्या रस्त्यावर झाडू कोण मारतो, त्याच्या तुरुंगात कोण भरले आहे, तेही पाहा. आणि मायदेशाचा राग आला तर तो गिळू नका, सोडूनही देऊ नका. तो राग बाल्डविन यांच्या बापाने पोटात ठेवला आणि त्याने बापाला संपवले. मुलाने तो कागदावर उतरवला, वादसभेत मांडला, दूतावासाच्या दारात नेला. ज्या देशाशी आपण भांडतो त्या देशावर आपला हक्क आहे, असेच आपण सांगत असतो. तो हक्क आम्हाला संविधानाने दिला आहे. तो पासपोर्टबरोबर जपून ठेवा.